जामखेडहून नगर: तारखेशिवाय एक दिवस

जामखेडहून नगरला जायचे तर आधी आपला जिल्हा सोडावा लागतो. एसटी निघाली की थोड्याच वेळात बीड जिल्हा लागतो, आष्टी आणि कडा मागे पडतात, आणि चिचोंडी पाटीलच्या बाजूला गाडी पुन्हा आपल्या जिल्ह्यात शिरते. पाऊणशे किलोमीटरचा रस्ता. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला दुसरा जिल्हा ओलांडायचा, यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. सवय झाली आहे.

नगरही आम्हाला सवयीचेच. पण ते कामापुरते. कोर्टाची तारीख, कलेक्टर कचेरी, मोठा दवाखाना, नाहीतर लग्नाचा बस्ता. कापडबाजारातली बारीक गल्लीसुद्धा पाठ असलेला माणूस भुईकोट किल्ल्याच्या आत कधी गेलेला नसतो. माझ्या आत्याने आयुष्यात पन्नास वेळा तरी नगर केले असेल. ‘बघायला चाललोय,’ म्हटल्यावर ती म्हणाली, ‘कुणाला?’

तर हे शहर कुणाला भेटायला नाही, शहर म्हणून बघायचे झाले तर दिवस कसा बांधायचा, ते सांगतो. दिवस एकच धरला आहे. मुक्काम केला तर उत्तमच, पण जामखेडचा माणूस नगरला मुक्काम करतो तो फक्त दवाखान्यात.

पहिला हिशेब वाराचा. अंतराचा आणि पैशाचा नंतर. नगरची बघण्यासारखी बरीच ठिकाणे लष्कराच्या ताब्यात किंवा लष्कराच्या हद्दीला लागून आहेत, आणि संग्रहालयांना आठवड्याची सुट्टी असते. मी एकदा पाचजणांना घेऊन गेलो आणि एका फाटकासमोर सुट्टीच्या दिवशी उभा राहिलो. चूक माझीच, आदल्या दिवशी एक फोन केला असता तर कळले असते. तेव्हापासून वहीचे पान मधोमध दुमडतो. एका बाजूला कुलूप असलेली ठिकाणे लिहायची, म्हणजे जिथे वेळ, परवानगी, तिकीट, सुट्टी हे सगळे आहे. दुसऱ्या बाजूला बिनकुलपाची: बाजार, रस्ता, डोंगर. सकाळ आणि दुपार कुलपांना द्यायची, उरलेल्या वेळात बिनकुलपाची ठिकाणे बसवायची. बहुतेक लोक उलटे करतात. आधी बाजारात शिरतात आणि किल्ल्याच्या फाटकाशी पोचतात तेव्हा शिपाई दार लावत असतो.

इतिहासाच्या क्रमाने फिरायचा मोहही आवरावा. अहमद निजामशहाने शहर वसवले, म्हणून आधी त्याच्या कबरीपाशी जा, मग किल्ल्यात, मग औरंगजेबाकडे, असे केले तर रिक्षा शहराला तीन प्रदक्षिणा घालते. त्यापेक्षा नकाशावर दोन पुंजके करा. एक शहराचा आणि किल्ल्याचा, दुसरा भिंगारच्या अंगाचा. चांदबीबी महालाचा डोंगर भिंगारच्याही पलीकडे, पाथर्डी रस्त्याला आहे, तो शेवटी. सालांची जुळणी परतीच्या गाडीत करता येते.

वाहनाचे थोडक्यात सांगतो. आष्टीहून नगरला 23 सप्टेंबर 2022 पासून रेल्वे सुरू झाली आहे, पण जामखेडकराला आधी आष्टी गाठावी लागते आणि गाड्या मोजक्या, म्हणून एसटीच बरी. मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धे. घरातली माणसे नीट निवडली तर पूर्ण तिकिटाचे तुम्ही एकटेच. आधार कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवे. एसटीत वयासाठी लागते आणि लष्कराच्या फाटकावर ओळखीसाठीही. मोबाइलमधला फोटो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही.

सकाळी साडेसहाच्या आत स्टँडवर असलात तर नऊ-साडेनऊला नगरच्या माळीवाडा स्टँडवर उतरता. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि प्रत्येकी एक पाण्याची बाटली ठेवा. हा सगळा टापू पर्जन्यछायेतला, एप्रिल-मेमध्ये दगड असा तापतो की टेकता येत नाही. श्रावणापासून माघापर्यंत जा.

आधी भुईकोट किल्ला. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्याला तो पहिल्यांदा किल्ला वाटतच नाही, कारण चढायला काही नाही. रस्त्याने चालता चालता समोर झाडी येते, मग एकदम जमीन खाली जाते. तोच खंदक. इथे थांबायचे. भुईकोट म्हणजे डोंगराचे काम खंदकाने करायचे. जी उंची निसर्गाने दिली नाही ती खाली खोदून मिळवली, म्हणजे शत्रूला तट गाठायला आधी उतरावे लागते आणि मग चढावे लागते, दोन्ही वेळा तटावरून मारा खात. तट पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, आकाराने गोलसर. गोल असल्यामुळे तोफेने फोडायला सोपा असा कोपरा शत्रूला मिळत नाही. पहिला कोट मातीचा होता; दगडी तट हुसेन निजामशहाच्या काळात झाला.

हे एवढे डोक्यात ठेवून हा किल्ला लढवणाऱ्या चांदबीबीची गोष्ट ऐका, मग ती कळते. 1595 च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला. तट वरून फुटेना म्हणून मोगलांनी खालून सुरुंग खणले. आतल्या लोकांना त्याचा पत्ता लागला आणि त्यांनी काही सुरुंग निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला खिंडार पडले. चांदबीबी स्वतः तिथे उभी राहिली, दिवसभर खिंडार लढवले आणि रातोरात पुन्हा बांधून काढले. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले, आणि तेव्हा ती त्यांच्या हातून नाही, आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या वेलस्लीने हाच किल्ला शिंद्यांकडून चार दिवसांत घेतला. दोनशे वर्षांत तट तोच राहिला होता, तोफा बदलल्या होत्या.

किल्ल्यात लोक ज्यासाठी जातात ते म्हणजे नेत्यांच्या कैदेच्या खोल्या. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे बाराजण इथे आणले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपल्याकडचे शंकरराव देव. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ 1944 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत इथेच लिहिले; मौलानांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रेही इथलीच. फोटो काढून लगेच बाहेर पडू नका. शत्रू आत येऊ नये म्हणून खोदलेला खंदक इंग्रजांना आतली माणसे बाहेर जाऊ नयेत म्हणून कामाला आला, हे तिथेच थोडे थांबून बघण्यासारखे आहे.

किल्ल्याच्या पूर्वेला दमडी मशीद आहे. लहानशी, 1567-68 ची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी काढून ती बांधली, असे सांगतात. खरे-खोटे कोण बघायला गेले! पण दगडाचे कोरीवकाम असे आहे की लाकूडकाम समजून हात लावावा. आत्याने लावला. म्हणाली, ‘हे तर आपल्या देवघराच्या चौकटीसारखं आहे गं बाई,’ आणि पदराने एका फुलावरची धूळ पुसली. पंधरा मिनिटे पुरतात, पण ती पंधरा मिनिटे चुकवू नका.

दुपारी भिंगारची बाजू. इथे एकच रिक्षा तीन ठिकाणांसाठी ठरवून घ्या आणि थांबण्याचे पैसे आधीच बोला. प्रत्येक ठिकाणी नवी रिक्षा शोधण्यात अर्धा दिवस जातो. रणगाडा संग्रहालय 1994 मध्ये सुरू झाले. पोरे बरोबर असतील तर ती इथून हलत नाहीत. रोल्स-रॉईसची चिलखती गाडी, दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, पाकिस्तानचा पॅटन, आपला विजयंता. सावलीसाठी झाडे आहेत; दशम्यांची वेळ हीच.

तिथून फराहबाग. माझे मत विचाराल तर नगरमधली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात दुर्लक्षित वास्तू. आज पडझड झालेली, भोवतालचे तळे कोरडे. मुर्तझा निजामशहाला पहिले बांधकाम पसंत पडले नाही म्हणून ते पाडले, आणि त्याचा वजीर सलाबतखान याने 1583 मध्ये नवे पुरे केले. मधोमध घुमटाचा दिवाणखाना, भोवती दुमजली खोल्या, चारही बाजूंना पाणी. उन्हाळ्यात वारा त्या पाण्यावरून गार होऊन आत यायचा. पाणी मात्र इथले नव्हते. निजामशाहीने नगरला पाणी आणले ते डोंगराकडच्या विहिरींतून, जमिनीखालून, भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून, केवळ उताराच्या जोरावर. कापूरवाडी आणि भिंगारकडून असे नळ आले होते. दुष्काळी टापूत पाण्याच्या मधोमध महाल बांधणे ही श्रीमंती सोन्यापेक्षा मोठी. मुर्तझा पुढे एकांतात राहू लागला, दरबार टाळू लागला, आणि राज्य सलाबतखान बघत होता.

औरंगजेबही भिंगारलाच वारला, 1707 मध्ये. त्याला पुरले खुलताबादेत. भिंगारचे ते ठिकाण आलमगीर म्हणून ओळखतात. वेळ असेल तर वळसा घ्या.

चार वाजता डोंगराकडे निघा. शहरापासून दहा-बारा किलोमीटर. लांबून दिसणाऱ्या या तीन मजली अष्टकोनी इमारतीला सगळे चांदबीबी महाल म्हणतात, एसटीचा कंडक्टरही. चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. ती सलाबतखानाची कबर आहे, म्हणजे ज्याने फराहबाग बांधली त्याचीच. दुपारी राजाचा महाल आणि संध्याकाळी वजिराची कबर अशी जोडी लागते, म्हणून मी हा क्रम सोडत नाही. इमारत अगदी साधी आहे, नक्षी जवळजवळ नाहीच. वर गेलात की वारा अंगावर येतो आणि खाली अख्खे नगर दिसते. किल्ल्याची झाडी तेवढी गोल, बाकी सगळी घरे. आत्या गुडघ्यांमुळे वर आली नाही. पायथ्याशी बसून तिने रिक्षावाल्याच्या बायकोचे माहेर शोधून काढले. ते जामखेड तालुक्यातलेच निघाले.

परतीच्या गाडीची वेळ सकाळीच माळीवाड्याच्या चौकशी खिडकीवर विचारून ठेवा आणि शेवटच्या गाडीवर कधी विसंबू नका, शेवटच्या आधीची धरा. स्टँडवर पाट्या वाचायला थोडा वेळ मिळतो. 2024 मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. कंडक्टर मात्र अजून नगर, नगर असेच ओरडतो. ज्यांच्या नावाने झाले त्या अहिल्याबाई 1725 साली जन्मल्या चोंडीला, आमच्याच तालुक्यात. आत्याला हे सांगितले तर म्हणाली, ‘मग आपण माहेरचे झालो की. अर्धं तिकीट तरी कशाला?’

एका दिवसात राहून जाते बरेच. ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातली मोडी कागदपत्रे आणि नाणी राहिली. सीनेच्या काठचा बागरोजा राहिला, म्हणजे शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहाची कबर. तिथेच तालिकोटच्या लढाईतल्या एका हत्तीचीही कबर दाखवतात. ती बघायची आत्याची फार इच्छा आहे. आमच्या बांधाच्या दाव्याची पुढची तारीख लागली आहे. पुकारा बहुतेक बारापर्यंत होतो आणि वकील साहेब पुढची तारीख घेऊन मोकळे होतात. त्या दिवशी दुपारी हत्ती.