दिवा, बॅटरी आणि ‘त्यात काय विशेष?’

वीज गेली तरी उजळत राहणाऱ्या प्रकाशफलकाच्या पेटंटवर ‘हे तर कोणालाही सुचले असते’ असा आक्षेप आला, तेव्हा बहुतेक वाचकांनी मान डोलावली असणार. दिवा बाजारात मिळतो, बॅटरी मिळते, वीज जाताच बॅटरीकडे वळवणारे सर्किटही मिळते. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(एफ) सांगते की, माहितीतली साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर तो शोध नव्हे. १९७८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचे पेटंट अशाच विचाराने रद्द ठरवले. निर्णय योग्यच होता. वायरमनने सहज केलेल्या जोडणीवर वीस वर्षांची मक्तेदारी कशाला?

पण ‘सहज सुचले असते’ या शब्दांची मला धास्ती वाटते. उत्तर हाती आल्यावर कोणतेही कोडे सोपेच दिसते.

बर्ट अ‍ॅडम्सची बॅटरी पाहा. अमेरिकेतल्या या गृहस्थाने १९४१ मध्ये पेटंटचा अर्ज केला. बॅटरीत एका बाजूला मॅग्नेशियम, दुसऱ्या बाजूला क्युप्रस क्लोराइड. कोरडी ठेवायची, लागेल तेव्हा साधे किंवा खारे पाणी ओतायचे. दोन्ही पदार्थ बॅटरीवाल्यांना ठाऊक होते. तरीही लष्कराच्या सिग्नल विभागातल्या जाणकारांचा ही बॅटरी चालेल यावर विश्वासच बसेना. पुढे तो बसला, तेव्हा सरकारने कंपन्यांकडून ती बनवून घेतली आणि अ‍ॅडम्सला कळवलेही नाही. त्याला १९५५ मध्ये पत्ता लागला. त्याने भरलेल्या खटल्यात तेच सरकार म्हणाले, यात नवीन ते काय? १९६६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंट राखले. जुने ज्ञान अशा जोडणीपासून परावृत्तच करत होते, हा मुद्दा निर्णायक ठरला.

२००७ मध्ये त्याच न्यायालयाने गाडीच्या पेडलला सेन्सर जोडल्याचे पेटंट फेटाळले. कारागीर म्हणजे यंत्र नव्हे, त्यालाही चारचौघांइतकी कल्पकता असते, असे बजावले. तेही पटते.

म्हणून फलकाच्या वादात मला अर्जाच्या तारखेआधीचे या धंद्यातले कागद पाहावेसे वाटतात. त्यांत ‘बॅटरी जोडा’ असे असेल तर पेटंट जावे. ‘हे टिकणार नाही’ असे जाणकारांनी लिहून ठेवले असेल, तर आजच्या वायरमनला ते सोपे वाटते एवढ्यावर पेटंट काढून घेऊ नये.