गिटार इफेक्ट उपकरणांची मिडी जोडणी

गिटारचा ध्वनी बदलणारी इफेक्ट उपकरणे एकमेकांना, पायाने चालवण्याच्या नियंत्रकाला किंवा संगणकाला मिडी पद्धतीने जोडण्याच्या रचनेस गिटार इफेक्ट उपकरणांची मिडी जोडणी असे म्हणतात. मिडीच्या केबलमधून ध्वनी वाहत नाही, केवळ आज्ञा वाहतात. गिटारचा ध्वनी नेहमीच्या स्वतंत्र केबलनेच पेडलमधून अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो.

पार्श्वभूमी

मिडी हे 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस' या नावाचे लघुरूप होय. निरनिराळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकत्र चालावीत, यासाठी डेव्ह स्मिथ, इकुतारो काकेहाशी आदींच्या पुढाकाराने हे मानक तयार झाले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० व ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर परस्परांना जोडून दाखवण्यात आले. पुढे हेच मानक गिटार इफेक्ट उपकरणांतही वापरले जाऊ लागले.

उपयोग

गाण्याच्या शांत भागात कोरस व रिव्हर्ब, तर पुढच्या भागात डिस्टॉर्शन व डिले हवे असल्यास वादकाला क्षणार्धात अनेक पेडल दाबावी लागतात. मिडी नियंत्रकाचे एकच बटण दाबून हा सर्व बदल एकाच वेळी करता येतो आणि वादकाचे लक्ष वादनावर राहते.

जोडणी

मूळ मानकात पाच पिनांचा डीआयएन कनेक्टर वापरला जातो. आज्ञा एकाच दिशेने जातात, म्हणून नियंत्रकाचे 'आउट' पहिल्या पेडलच्या 'इन'ला जोडतात. 'थ्रू' हे 'इन'वर आलेल्या आज्ञा जशाच्या तशा पुढे पाठवते. त्यामुळे उपकरणांची साखळी करता येते. केबलची लांबी १५ मीटरपेक्षा अधिक नसावी, असे मानक सांगते. लहान पेडलांवर ३.५ मिमी टीआरएस जॅक किंवा यूएसबी आढळते. टीआरएस जॅकच्या 'अ' व 'ब' प्रकारांतील तारांची जुळणी वेगळी असल्याने योग्य केबल निवडावी लागते.

संदेशांचे प्रकार

एका केबलवर १६ चॅनल असतात. प्रत्येक उपकरणाला वेगळा चॅनल दिल्यास त्याला स्वतंत्र आज्ञा देता येते.

* प्रोग्राम चेंज : साठवून ठेवलेल्या १२८ प्रोग्रामपैकी एक निवडतो.
* कंट्रोल चेंज : एखादा घटक चालू-बंद करतो किंवा त्याचे मूल्य ० ते १२७ दरम्यान बदलतो. एक्स्प्रेशन पेडलने डिलेची पातळी वाढवणे हे त्याचे उदाहरण होय.
* क्लॉक : गाण्याची लय कळवतो. प्रत्येक मात्रेस, म्हणजे क्वार्टर नोटला, २४ स्पंद पाठवले जातात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते आणि डिलेचे पडसाद त्या लयीशी जुळवता येतात. क्लॉक कोणत्याही एका चॅनलपुरता नसतो. तो साखळीतील सर्व उपकरणांना मिळतो.

मूळ मानकात आज्ञा सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने जातात. तीन बाइटांच्या कंट्रोल चेंज संदेशास सुमारे एक मिलिसेकंद लागतो.

अडचणी व दक्षता

पेडल प्रतिसाद देत नसल्यास प्रथम केबलची दिशा व दोन्ही उपकरणांवरील चॅनल तपासावा. काही उपकरणे प्रोग्रामची मोजणी ० पासून, तर काही १ पासून करतात. त्यामुळे नियंत्रकावर ५ निवडल्यावर पेडल ४ दाखवू शकते. हा बिघाड नव्हे. एका वेळी दोन उपकरणांनी क्लॉक पाठवल्यास लय बिघडते, म्हणून क्लॉक एकाच उपकरणाकडून द्यावा. काही उपकरणांत प्रोग्राम बदलताना ध्वनी क्षणभर खंडित होतो. अशा वेळी त्याच प्रोग्राममध्ये राहून कंट्रोल चेंजने बदल करणे सोयीचे ठरते.

डीआयएन जोडणीत 'इन'च्या बाजूस ऑप्टो-आयसोलेटर असतो. तो आज्ञा प्रकाशाच्या साहाय्याने पुढे देतो आणि दोन उपकरणांचे विद्युत परिपथ अलग ठेवतो. त्यामुळे ग्राउंड लूपमधून होणारी गुणगुण टळते.