दुग्धज्वर व न उठणारी गाय

गाय व्याल्यावर बहुधा तीन दिवसांच्या आत खाली बसते व प्रयत्न करूनही उभी राहू शकत नाही, या अवस्थेचे सर्वांत नेहमीचे कारण दुग्धज्वर हे होय. नावात ज्वर असला, तरी या विकारात ताप नसतो, उलट शरीराचे तापमान सामान्यापेक्षा (सु. ३८.५° से.) कमी होते व कान थंड लागतात.

गायीच्या १०० मिलि. रक्तरसात ८.५ ते १० मिग्रॅ. कॅल्शियम असते. एक किग्रॅ. चिकातून सु. २ ग्रॅ. कॅल्शियम बाहेर पडते. म्हणजे १० किग्रॅ. चीक निघाल्यास २० ग्रॅ., आणि गायीच्या सर्व रक्तरसात मिळून ते जेमतेम ३ ग्रॅ. असते. ही तूट परावटू ग्रंथीचे हॉर्मोन व ड जीवनसत्त्व यांच्या साहाय्याने हाडे व आतडे यांतून भरून निघावयाची असते; पण या यंत्रणेला पूर्ण गती येण्यास एक-दोन दिवस लागतात. वाढत्या वयात ती अधिक मंद होते. त्यामुळे पहिलारू गायीत हा विकार क्वचित, तर तिसऱ्या वेतानंतर आणि भरपूर दूध देणाऱ्या गायींत, विशेषतः जर्सी व तिच्या संकरित जातींत, अधिक आढळतो.

या विकाराच्या उपचाराचा इतिहास मनोरंजक आहे. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील श्मिट यांनी कासेत विष तयार होत असावे असे मानून कासेत पोटॅशियम आयोडाइडाचा विद्राव भरला व गायी वाचू लागल्या. पुढे नुसती हवा भरूनही तोच गुण येतो असे दिसून आले. कासेतील दाबामुळे दूध तयार होणे थांबते व कॅल्शियमाची गळती बंद होते, हे त्याचे खरे कारण होते. रक्तातील कॅल्शियम घटते हे ब्रिटनमध्ये लिट्ल व राइट यांनी १९२५ मध्ये दाखवून दिले.

आरंभी गाय अस्वस्थ होते, स्नायू थरथरतात व चाल ताठर होते. नंतर ती छातीवर बसते, मान वळवून डोके कुशीवर टेकते. नाकपुडी कोरडी पडते व रवंथ थांबते. उपचार न झाल्यास ती कुशीवर आडवी पडते, पोट फुगते, शुद्ध हरपते व काही तासांत मृत्यू येतो. पशुवैद्य कॅल्शियम बोरोग्लुकोनेटाचा विद्राव शिरेतून देतात. तो सावकाश व हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवूनच द्यावा लागतो. घाईने दिल्यास हृदय बंद पडण्याचा धोका असतो. बहुतेक गायी काही तासांत उठतात, मात्र सु. एक-चतुर्थांश गायींत विकार उलटतो. गिळण्याची क्रिया मंदावलेली असल्याने अशा गायीला बांबूच्या नळीतून गूळपाणी वा औषध पाजणे घातक ठरते, कारण ते फुप्फुसात जाते. कास पूर्ण रिकामी न करता वासराला पुरेल एवढाच चीक काढावा.

कॅल्शियम दिल्यावरही गाय उठली नाही, तर दोष बहुधा रक्तात नसून पायांत असतो. चारपाचशे किग्रॅ. वजनाचे जनावर कठीण जमिनीवर एकाच बाजूला पडून राहिल्यास अंगाखालच्या मागील पायाच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, ते सुजतात व तंत्रिका (मज्जा) चेपल्या जातात. ही इजा काही तासांतच सुरू होते. म्हणूनच रात्री व्यालेल्या गायीच्या उपचाराला सकाळपर्यंत थांबणे महागात पडते. अवघड प्रसूतीत श्रोणीतील तंत्रिकांना झालेली इजा, अस्थिभंग, गर्भाशयदाह किंवा फॉस्फरसाची कमतरता हीही कारणे असू शकतात व ती तपासून घ्यावी लागतात.

अशा वेळी शुश्रूषेला औषधाइतकेच महत्त्व असते. गोठ्याची फरशी किंवा शहाबादी लादी ही सर्वांत वाईट जागा होय. गायीला मऊ माती, वाळू किंवा कडब्याच्या जाड थरावर हलवावे. ओढून नेण्याऐवजी ताडपत्रीवर घेऊन सरकवावे. छातीवर बसती ठेवून दोन्ही बाजूंना गवताने भरलेल्या पोत्यांचा आधार द्यावा आणि दर तीन-चार तासांनी, रात्रीही, कूस बदलावी. मागील पाय फाकत असल्यास ते घोट्याच्या वर मऊ पट्ट्याने सैल बांधतात. पाणी व चारा तोंडाशी ठेवावा. शेपूट पिळून वा मारून उठवण्याने गाय फक्त थकते. झोळी किंवा बांबूंचा आधार दिवसातून थोडा वेळ आणि गाय स्वतः पायावर भार घेत असेल तरच द्यावा. लोंबकळत ठेवल्यास इजा वाढते. वेदनाशामक म्हणून डायक्लोफिनॅक वापरू नये. गिधाडांच्या मृत्यूंमुळे भारतात जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली असून त्याऐवजी मेलॉक्सिकॅम देतात.

खाणारी, सावध व पुढे सरपटण्याचा प्रयत्न करणारी गाय आठवड्यानंतरही उठू शकते. कुशीवरच पडून राहणारी व चारा सोडलेली गाय सहसा वाचत नाही.

भाकड काळात भरपूर कॅल्शियम खाऊ घालणे हा प्रतिबंध नव्हे. त्याने परावटू ग्रंथी सुस्तावते व धोका वाढतो. म्हणून व्याण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे लसूणघास कमी करून वाळलेली वैरण वाढवितात व कॅल्शियमाची मात्रा व्याण्याच्या सुमारास देतात.