कोंबड्या मरतात तेव्हा : जगलेल्या काय सांगतात?

परसात दहा-बारा कोंबड्या असतात. एके सकाळी खुराडे उघडावे तर दोन मेलेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. ‘मर आली’ असे म्हणून आपण गप्प बसतो. पण ‘मर’ हे कारण नव्हे. ते केवळ घटनेचे नाव आहे. कारण शोधायचे तर मेलेल्यांबरोबर जगलेल्यांकडेही पाहावे लागते. दोहोंत फरक कोणता?

पहिला फरक वयाचा. समजा, महिना-दीड महिन्याची पिल्ले मेली, त्यांच्या विष्ठेत रक्त होते, पण मोठ्या कोंबड्या ठणठणीत आहेत. अशा वेळी रक्ती हगवणीचा संशय येतो. हा रोग आतड्यातील एकपेशीय परजीवीमुळे होतो व ओलसर जागी फैलावतो. मोठ्या कोंबड्यांना लहानपणी थोडासा संसर्ग होऊन गेलेला असतो, म्हणून त्या बहुधा तगतात.

दुसरा फरक लसीचा. लहानमोठ्या सर्वच कोंबड्या भराभर मरत आहेत, माना पिळवटत आहेत, हिरवट हगवण आहे, शेजारीही तेच. फक्त लस टोचलेल्या वाचल्या. येथे मानमोडीचा, म्हणजेच राणीखेत या विषाणुजन्य रोगाचा संशय बळावतो.

तिसरा फरक खाद्याचा. याचे प्रसिद्ध उदाहरण जावा बेटावरचे आहे. 1889 साली बटाव्हिया (आजचे जाकार्ता) येथे ख्रिस्तियान आइकमान हे डच वैद्य बेरीबेरीचा जंतू शोधत होते. प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले व त्या मरू लागल्या. जंतू टोचलेल्या आणि न टोचलेल्या, दोन्ही आजारी! तुलनेला निरोगी गटच उरला नाही. नोव्हेंबरअखेर मात्र रोग आपोआप थांबला. मध्ये काय बदलले? चौकशीत कळले की, जूनपासून कोंबड्यांना लष्करी रुग्णालयातील उरलेला पांढऱ्या तांदळाचा भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने तो बंद केला होता.

आइकमान येथेच थांबले नाहीत. त्यांनी मुद्दाम काही कोंबड्यांना पॉलिश केलेला तांदूळ दिला. त्या आजारी पडल्या. कोंडा देताच सुधारल्या. तांदळात विष असून कोंडा त्यावर उतारा आहे, असे त्यांना वाटले. कोंड्यात शरीराला आवश्यक असा घटक आहे, हे 1901 मध्ये ग्रिन्स यांनी मांडले. 1926 मध्ये तो घटक वेगळा करण्यात आला. तोच ब-1 जीवनसत्त्व, थायमिन. आइकमान यांना 1929 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

फरक दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. तो फक्त संशय असतो. खाद्याचा संशय खाद्य बदलून तपासता येतो. रोगाचा संशय मात्र प्रयोगशाळेतच तपासावा लागतो, कारण मानमोडी आणि बर्ड फ्लू यांची लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. भारतातील ती पहिली नोंद. हा रोग माणसालाही होऊ शकतो. म्हणून अनेक कोंबड्या एकाएकी मेल्यास त्या हाताळू नयेत, कापू नयेत, खाऊ नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

विद्यार्थ्यांनी घरच्या कोंबड्यांची वही ठेवावी : वय, लस, खाद्य, पाणी आणि त्यांतील प्रत्येक बदलाची तारीख. मर आल्यावर डॉक्टर प्रथम हेच विचारतात.