अनोळखी माणसाला दिलेलं खरं उत्तर

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ दीडशेहून अधिक वर्षं कसं टिकलं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. ते गेल्यावर वर्धा जिल्ह्यासारख्या ठिकाणी नेमकं काय बदललं, हा या आठवड्याचा प्रश्न. त्याचं उत्तर मुंबई-पुण्याच्या अभिमान यात्रांपेक्षा अवचित भेटींमध्ये शोधायला हवं, असं मला वाटतं. वर्ध्याहून आर्वीला निघालेल्या एसटीत शेजारचा प्रवासी आधी गाव विचारतो, मग लग्न झालं का, मग लेकरं किती. त्यात वाईट हेतू नसतो, बोलायची रीतच ती. पण त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाने समलिंगी माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना खोटं बोलायला लावलं. खरं बोलावं तर आपल्याविरुद्धचा पुरावा अनोळखी माणसाच्या हाती जायचा. या कलमात जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. खटले फारसे होत नसत, पण पैसे उकळणाऱ्याला खटला लागतच नाही, धमकी पुरते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले आणि धमकावणाऱ्याच्या हातातलं कायद्याचं हत्यार गेलं. त्या निकालाने शेजारच्या प्रवाशाचं मन बदललं नसेल, पण त्याच्याशी खरं बोलण्याचा धोका कमी झाला. उघडपणाची सुरुवात तिथूनच होते.

यावर पहिला आक्षेप असा की, हे शहरी, परदेशातून आलेलं खूळ आहे, आपल्या भागात असलं काही नाही. शेजारच्या यवतमाळमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे निकालाच्या आधीच, दोन पुरुषांचा विवाहसोहळा झाला आणि त्यांतला एक यवतमाळचाच होता. तो अमेरिकेत राहणारा होता, त्याला काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. ते बरोबरच आहे, आणि माझा मुद्दाही तोच आहे. ज्याच्याकडे परदेशातलं घर आणि पगार होता, त्याला कायद्याची वाट पाहावी लागली नाही. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला किंवा पुलगावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मात्र निसटायला जागा नसते. कायदा बदलण्याची गरज सगळ्यांत जास्त होती ती त्याला.

दवाखान्यातही गाठ पडते ती अनोळखी माणसाशीच. ओपीडीत त्या दिवशी कोण डॉक्टर बसला असेल, हे रुग्णाच्या हाती नसतं. मुलगा ‘असा’ आहे म्हणून आईबाप त्याला उपचाराला आणतात, तेव्हा समोरचा डॉक्टर काय शिकून आला आहे यावर त्या मुलाचं पुढचं आयुष्य ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. अशा माणसाला ‘बरं’ करण्याचे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं. तरीही त्याच आयोगाच्या ऑगस्ट २०२४ च्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधले समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत आले. विरोध झाल्यावर सप्टेंबरात ते मागे घ्यावं लागलं. तो मजकूर तसाच राहिला असता, तर सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयापासून देशभरच्या वर्गांपर्यंत तोच शिकवला गेला असता. मिळालेलं स्वातंत्र्य एका परिपत्रकाने मागे जाऊ शकतं, म्हणून त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप सौम्य असतो: घरात काय करायचं ते करा, चारचौघांत कशाला? वर्धेकरांनी तरी हा युक्तिवाद ओळखायला हवा. १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी इथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. देवाची भक्ती घरी करायला तेव्हाही कुणाची मनाई नव्हती, अडवलं होतं ते सर्वांसमोर आत येणं. दोन्ही अन्याय सारखे नाहीत, जातीचा भार फार वेगळा आणि फार मोठा. पण ‘असा, पण दिसू नका’ ही अट दोन्हीकडे एकच, आणि ती माणसाला कमी लेखते.

विवाहाची मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, तेव्हा हे स्वातंत्र्य अर्धंच आहे, हे मान्य. मात्र समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी नेमायला कोणतीही आडकाठी नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. असं जोडपं एक दिवस आर्वीच्या किंवा देवळीच्या एखाद्या शाखेत अर्ज मागायला येईल. काउंटरपलीकडे तुम्ही असाल, तर जास्तीचा एकही प्रश्न न विचारता तो द्या.