पडदा झालेलं चित्र

मंडईच्या रात्री नाटकाला तुम्ही कधी ना कधी बसलाच असाल. अंगावर चादर, कानाला मफलर, शेजारी पाहुण्यांची रांग आणि समोर पडद्यावरचा राजवाडा. नट लक्षात राहतात, गाणी लक्षात राहतात. पण तो पडदा कोणी रंगवला, हे कधी विचारलंय? मीही नव्हतं विचारलं. कॉलेजात एका तासाला सरांनी प्रोजेक्टरवर एक फ्रेंच चित्र दाखवलं, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसलाय.

चित्राचं नाव ‘चित्रकाराचा स्टुडिओ’. गुस्ताव कुर्बेनं ते १८५४-५५ मध्ये काढलं. उंची बारा फुटांच्या आसपास, रुंदी जवळपास वीस फूट. स्टुडिओ म्हटलं की आपल्याला शांत खोली आठवते, इथे तर अक्षरशः बाजार भरलाय. मधोमध कुर्बे खुर्चीत. त्याच्या पाठीशी मॉडेल, समोर खेड्यातलं एक पोरगं आणि एक पांढरी मांजर. डावीकडे शिकारी, पाद्री, कापडविक्या, लेकराला पाजणारी भिकारीण. उजवीकडे त्याची मित्रमंडळी. अगदी टोकाला पुस्तकात डोकं खुपसून बसलाय तो कवी बोदलेर. आणि एवढ्या गर्दीत कुर्बे काढतोय काय? आपल्या गावाकडचा डोंगर-झाडांचा देखावा! मॉडेलकडे त्याचं लक्षही नाही. पॅरिसच्या स्टुडिओत बसून माणूस गाव रंगवतोय, मला हे फार आवडलं.

१८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. निवड समितीनं कुर्बेची ११ चित्रं घेतली, हे मात्र नाकारलं. मग पठ्ठ्यानं जवळच स्वतःचा मंडप उभारला, चाळीसेक चित्रं टांगली आणि तिकीट लावलं. म्हणजे थेट झाडीपट्टीचं गणित! फक्त आपल्याकडे मंडप भरतो, त्याचा भरला नाही. देलाक्रवा हा त्या काळचा मोठा चित्रकार बघायला गेला, तर जवळपास तासभर तिथे तो एकटाच होता. तसं त्यानं डायरीत लिहून ठेवलंय. चित्र जबरदस्त आहे, हेही लिहिलंय.

कुर्बे १८७७ मध्ये गेला. हे भलंमोठं चित्र या हातातून त्या हातात फिरत १८९७ मध्ये व्हिक्टर देफोसे नावाच्या धनिकाकडे आलं. त्याच्या घरात हौशी नाटकांचं छोटं थिएटर होतं. त्यानं चित्र चक्क स्टेजमागचा पडदा म्हणून लावलं! लूव्र संग्रहालयानं ते घेतलं १९२० मध्ये, लोकवर्गणीची मदत घेऊन. आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे.

पडद्याची गोष्ट ऐकून वर्ग हसला. पण आपल्या महाराष्ट्रात याच्या उलटा प्रवास झालाय, पडद्यापासून पुढे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यानं भाऊ. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. लोक ‘पेंटर’ म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं. सिनेमाचं वेड लागलं, तर कॅमेरासुद्धा स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम पुढे नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. कुर्बेच्या स्टुडिओपेक्षा ही जागा कमी गजबजलेली नसणार!

म्हणून या दिवाळीनंतर मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात मामाच्या गावी गेले. मंडई होती, रात्री नाटकही होतं. स्टेजच्या मागे फ्लेक्स. प्रिंट केलेला महाल, आणि कोपऱ्यात प्रिंटिंगवाल्याचा मोबाईल नंबर. जुना कापडी पडदा कुठाय, असं विचारलं तर सकाळी मामा मला बांधीकडे घेऊन गेला.

पडदा धानाच्या पुंजण्यावर झाकलेला होता. अर्धा दरबार दिसत होता. एक खांब, सिंहासनाची पाठ, लाल झालरीचा तुकडा. रंग उडालेला, पण खांबाची सावली अजून अशी की हात लावून बघावासा वाटावा. मी लावलाही. खालच्या कोपऱ्यात सही असेल म्हणून दोन-चार पेंढ्या बाजूला सारल्या. होती! ‘पेंटर’ एवढंच वाचता आलं. पुढचं कापड उंदरांनी खाल्लं होतं.

मामाला नाव विचारलं. त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं.

“आमी त्याले पेंटरच म्हनत होतो, पोरी.”