टाळ धरला की पेन्सिल सुटते

पहिल्या वर्षी मी वारी काढली ती दिवे घाटाच्या वरच्या वळणावर बसून. खाली पुण्याहून सासवडला निघालेली माऊलींची पालखी, पताकांची नागमोडी रांग, पावसाने हिरवागार झालेला डोंगर. चित्र देखणं झालं, पण कामाचं नव्हतं. शेजारच्या पन्नासेक कॅमेऱ्यांनी तेच टिपलं होतं आणि माझ्या कागदावरच्या एकाही माणसाला चेहरा नव्हता.

मी मासिकांसाठी जागेवर जाऊन चित्रं काढते. फोटोवरून नाही, समोर घडतंय ते घडत असतानाच. 2007 साली सिएटलमध्ये गाब्रिएल कांपानारिओ यांनी ‘अर्बन स्केचर्स’ सुरू केलं, त्यांचाही पहिला नियम हाच. पण जागेवर म्हणजे कुठे? कठड्यावर की रांगेत?

दुसऱ्या वर्षी रांगेत शिरले, परभणीकडच्या एका दिंडीत. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. शाईचं पेन पहिल्याच सरीत गेलं. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत वही आणि साधं बॉलपेन. चालतं माणूस कागदावर पुरं होत नाही, दोन रेघांत पुढे निघून जातं. मग मी एकीची मान घ्यायची, मागून येणाऱ्या दुसरीचा हात, तिसरीच्या नऊवारीचा घोळ. एक बाई तीन बायकांची मिळून होते. ही लबाडी आहे का? मला नाही वाटत. चाल त्या तिघींची एकच असते.

पावलीचं मात्र जमेना. टाळकऱ्यांचे वाकलेले गुडघे मी हुबेहूब काढत होते, तरी माणसं नाचताना नाही, अडखळताना दिसत. शेवटी एका काकांनी माझ्या हातात टाळ दिले. पाऊल पुढे, पाऊल मागे. दहा मिनिटांत पोटऱ्या भरून आल्या आणि कळलं की सगळा झोल कमरेतून येतो, गुडघा नुसता मागोमाग वाकतो. त्या दहा मिनिटांत अर्थातच एक रेघ निघाली नाही. टाळ दोन्ही हात मागतात.

लोणंदच्या अलीकडे विसाव्याला एका आजोबांचं चित्र काढत होते. काढून होत आलं आणि ते उठले, ‘माऊली’ म्हणत थेट माझ्या पायांशी वाकले. वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, हे मला ठाऊक होतं. त्यावर मी लिहिलंही होतं. पण वही मांडीवर ठेवून नमस्कार घ्यायचा कसा? वही चिखलात गेली, मीही वाकले. त्या पानावर आजोबांच्या कानापासून कडेपर्यंत एक सुटलेली रेघ आहे. खोडली नाही.

अशा वेळी मला दुष्काळ काढणारे चित्रकार चित्तप्रसाद आठवतात. वारी आणि दुष्काळ यांची तुलना नाही, पेच तेवढा तोच. 1943 साली ते बंगालमध्ये मेदिनीपूरच्या गावोगाव हिंडले, भुकेली माणसं काढली, त्यांची नावंगावं नोंदवली. ते तटस्थ पाहुणे नव्हते, कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते. म्हणून त्यांची रेघ खोटी पडली नाही. ‘हंग्री बेंगाल’ या त्यांच्या पुस्तिकेच्या 5,000 प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या. नुसत्या कुतूहलाने काढलेली चित्रं कुणी कशाला जाळेल?

तरी बाजूला बसावंच लागतं. मी आता दिवस वाटून घेते: सकाळी चालायचं, विसाव्याला काढायचं, रात्री तंबूत आठवून काढायचं.

फलटणला एका मावशींच्या भाकऱ्या काढायला बसले, तर त्या म्हणाल्या, ‘‘नुसती बघायलीस काय गं? परात ओढ.’’ हात पिठात गेले, चित्र राहिलं. रात्री त्यांचे हात आठवून काढले आणि सकाळी दाखवले. मावशींनी वही लांब धरून पाहिली.

‘‘काकणं चार काढलीस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चारच हायती. पण भाकर करताना मी ती वर कोपराकडं सारते. तू शेजारीच तर होतीस की.’’